शंभरांतले अठरा : निरक्षरतेच्या इतिहासातील एक हिशेब

भारतातील निरक्षरतेविषयी बोलताना 'अज्ञान', 'उदासीनता', 'पालकांची अनास्था' हे शब्द इतक्या सहजतेने वापरले जातात की, जणू इथल्या बहुजनांनीच अक्षराकडे पाठ फिरवली होती! इतिहासाची साक्ष वेगळी आहे. शिक्षणाची मागणी खालून आली आणि नकार वरून आला. पुढे शाळेचे दार उघडले, तेव्हाही आत गेलेले मूल वर्गात टिकले की नाही, याचा हिशेब क्वचितच मांडला गेला. साक्षरतेचा प्रश्न आजही इथेच अडला आहे, असे मला वाटते.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. त्याची बाजू न्याय्य आहे हे मुंबई सरकारने मान्य केले. आणि एकट्या मुलासाठी सवर्णांच्या मुलांवर त्याचा सहवास लादणे योग्य नव्हे, असे म्हणून अर्ज फेटाळला. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी असल्याचे स्पष्ट केले. पण दार कागदावर उघडले म्हणून वर्गातली जागा मिळाली नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. सरकारी तिजोरी शेतकऱ्यांच्या घामाने भरते आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्यांनी दाखवून दिले. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान अभ्यासक्रमात असावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पैसा कोणाचा, शिक्षक कोण आणि शिकवायचे काय, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकत्र विचारले. साक्षरतेच्या योजना आखणारे आजही हे प्रश्न सुटे सुटे करून पाहतात.

सक्ती अव्यवहार्य आहे, असे त्या काळी सांगितले जाई. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सर्व संस्थानात ती लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. संस्थानांना जे जमले ते साम्राज्याला जमेना! गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे अत्यंत मर्यादित विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

या पार्श्वभूमीवर मुंबई कायदे कौन्सिलमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये केलेले भाषण वाचावे. शाळेत किती मुले आली, या आकड्यावर ते समाधान मानत नाहीत. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे ते सरकारला सुनावतात. अबकारीतून लोकांकडून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. १९४८ मध्ये संविधान सभेत मोफत शिक्षणाची वयोमर्यादा चौदावरून खाली आणण्याची सूचना आली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायचे नाही, तर त्याला शाळेतच ठेवले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. मूल कामावर गेले की ते त्या ब्याऐंशींत जमा होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० मध्ये संपली. १९६१ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची साक्षरता होती १०.२७ टक्के, त्यांतील स्त्रियांची ३.२९. शिक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्यक्षात यायला २०१० साल उजाडले. २०११ मध्ये देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के झाली, अनुसूचित जातींची ६६. त्यांतील स्त्रियांची ५६.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. आमच्या वस्तीतही पुढे रात्रीचा वर्ग आला. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. पण माझ्या आईला अक्षर भेटले ते त्या वर्गात. ती सही शिकली, बसवरची पाटी वाचू लागली. मग वर्ग बंद झाला. घरात वाचायला काही नव्हते, वस्तीत वाचनालय नव्हते आणि दिवसभराच्या रोजंदारीनंतर डोळ्यांत जीव उरत नव्हता. काही वर्षांत ती पुन्हा अंगठ्यावर आली. सरकारी नोंदीत मात्र ती साक्षरच राहिली असेल.

तेव्हा उपाय कोणते? वस्तीजवळची शाळा टिकवणे हा पहिला. डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळांत मिसळण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. शाळा लांब गेली की आधी मुलगी घरी बसते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. दुसरा, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगाम सुरू होण्याआधी गावातच वसतिगृह उघडणे. हंगाम अर्धा सरल्यावर उघडलेले वसतिगृह कोणाच्या उपयोगाचे? तिसरा, प्रौढवर्गाबरोबर वाचनालय. आणि शिष्यवृत्ती वेळेवर. परीक्षा संपल्यावर हाती पडणारी रक्कम मुलाला वर्गात ठेवू शकत नाही.

शासन हे आपणहून करील, असा इतिहासाचा अनुभव नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि आम्हा शिक्षकांनी प्रत्येक वस्तीत एक वही ठेवावी. यंदा पहिलीत गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव तीत लिहावे आणि दहावीपर्यंत दरवर्षी पडताळावे : कोण गळाले, कोणत्या इयत्तेत, कशामुळे. ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहावे, जिल्हा परिषदेच्या दारात जावे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये शंभरांतल्या अठरांचा हिशेब मागितला होता. आपल्या वस्तीपुरता तो मांडणे आपल्या हातात आहे.