पागेचा पावसाळा : चिपळूणचं पत्र आणि सहारणपूरचा जून

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं पत्र आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कुणब्याच्या दाण्यागोट्याला, भाजीला हात लावू नका असं बजावणारं, 1674 च्या सुमाराचं. आपण ते रयतेच्या काळजीचं पत्र म्हणून वाचतो. सहारणपूरच्या रिमाउंट डेपोत पोस्टिंग झाल्यावर मला ते आधी वैरणीचं पत्र वाटू लागलं.

सहारणपूर शिवालिकच्या पायथ्याजवळ आहे. जूनअखेरीस तिथे पाऊस धरतो, म्हणून त्याआधीचा महिना सगळा फटिगचा. पॅडॉकच्या फाटकाशी आणि पाण्याच्या हौदाभोवती घोडी सतत उभी राहतात, चिखल पहिला तिथेच होतो. तिथे मुरूम टाकायचा, चर उपसायचे. तबेल्याची जमीन उखडली असेल तर नीट उतार देऊन पुन्हा ठोकायची, भिंतींना चुना. मूत आणि पाणी साचलं की खुराच्या तळव्याची पुतळी कुजते. नालबंदाला ते वासावरूनच कळतं. लिदीचा ढीग तबेल्यापासून लांब. घोडमाशीचा बंदोबस्त तर हवाच, कारण तीच ‘सरा’ पसरवते. 1880 मध्ये डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला आजारी जनावरांच्या रक्तात सऱ्याचे जंतू दिसले.

पण जीव अडकतो गंजीत. गवत भिजलं की बुरशी धरते, बुरशीनं पोटशूळ होतो, आणि पोटशुळानं रात्रीत घोडं जातं. ओलं गवत रचलं तर गंजी आतून तापून पेटही घेते.

आता पत्र पाहा. महिना वैशाखाचा. दाभोळ सुभ्यात पागेच्या पावसाळ्यासाठी जमवलेली सामग्री लष्कराच्या मुक्कामात बरीच खर्ची पडलेली. घाट चढून जायची सोय नाही. महाराज सांगतात, आहे ते पावसाळाभर पुरवून खर्च करा. आता मनमानी चारलंत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. त्यानंतर येतो कुणबी. उपाशी पागा त्याच्या दारात जाणार, मग त्याला मोगल बरे वाटतील. म्हणजे लूट सुरू होते ती कोठारातल्या ढिसाळपणातून. क्वार्टरमास्टरच्या कामाला कमी लेखणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

पुढे आग. कुणी नको तिथे चूल मांडेल, कुणी वारा न पाहता तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल. उंदरापर्यंत विचार करणारा सेनापती पागेत वावरलेलाच असणार! एक खण पेटला की सगळे पेटतात, गंज्या जातात. मग कुणाच्या गर्दना मारल्या तरी नवा खण बांधायला एक लाकूड मिळणार नाही, असं ते स्पष्ट लिहितात. शिक्षेनं लाकूड उगवत नाही हे त्यांना आगीच्या आधी सांगायचं होतं, म्हणून हवालदारांनी स्वतः फिरून पाहावं असा हुकूम.

आमच्याकडे तबेल्याजवळ विडी पेटवायला मनाई, दारोदार वाळूच्या लाल बादल्या, आणि रात्रीच्या राउंडला गंजीत हात खुपसून ऊब लागते का ते बघायचं.