मोगलीच्या रानातलं पाणी



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक चालू होती. हप्त्याचे पैसे गोळा झाले होते, सचिवताई वहीत नोंदी करत होत्या आणि एकीच्या मांडीवरचं पोर मोबाईलवर काहीतरी बघत बसलं होतं. अचानक त्यातून मोगलीच्या गाण्याची चाल वाजली. पस्तिशी-चाळिशीतल्या सगळ्याजणी गुणगुणायला लागल्या. सचिवताईंचा हिशोब चुकला, पैसे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. साठीच्या आज्ज्या मात्र एकमेकींकडे बघत होत्या. हे काय गं नवीन?

त्या दिवसापासून आम्ही एक उद्योगच लावून घेतला. नांदेड आणि लातूर जिल्ह्यात जिथे जिथे बैठकीला जातो, कंधार, मुखेड, अहमदपूर, औसा, तिथे कामाचं बोलून झालं की विचारायचं, मोगली कुठे पाहिला? कुणाच्या घरी? काय वाटलं? इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया. बी.ए.ला आम्हीही तेच पाठ केलं. बायका-पोरींनी दाराआडून काय पाहिलं, हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तर १९९३ साल. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. कार्टून होतं जपानचं, तिकडे १९८९ साली सुरू झालेलं. आपल्याकडे ते हिंदीत आलं तेव्हा गाणं गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाज यांनी दिली. गाण्यात चड्डी हा शब्द होता, त्यामुळे पोरं आधीच खूश. आम्ही स्वतः तेव्हा अंगणवाडीच्या वयाच्या. आम्हाला चाल आठवते आणि अँटेना फिरवायला माळवदावर चढलेला काका आठवतो. “आलं का?” “नाही, मुंग्याच हायत!” बाकीचं आमच्यापेक्षा मोठ्या बायकांनी सांगितलं.

गावात टीव्ही एक, फार तर दोन. ज्यांच्या घरी तो होता, त्यांच्या घरात कोण आत सतरंजीवर बसणार, कोण ओसरीवर आणि कोण खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभं राहणार, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. सगळ्यांना आपापली जागा ठाऊक होती. कंधार तालुक्यातली एक ताई म्हणाली, “मी मोगली पूर्ण कधी पाहिलाच नाही. माझ्या पुढं गज होता. मोगली अर्धा, भालू अर्धा.” ती हसत हसत सांगत होती. आम्हाला हसू आलं नाही.

दुसरी गोष्ट रविवारची. शाळेतल्या पोरांना सुट्टी, पण पोरींचा तो धुण्याचा दिवस. आठवड्याची गोधड्या-वाकळं घेऊन ओढ्यावर किंवा विहिरीवर जायचं. एकीनं सांगितलं की ती पहाटेच धुणं उरकून ओल्या केसांनी पळत यायची. दुसरीचं घर टीव्हीवाल्यांच्या भिंतीला लागून होतं, तिनं ती सगळी मालिका भाकरी थापता थापता कानांनी पाहिली. ती म्हणाली, “शेरखान कसा दिसतो मला ठाव नाही, पण आवाज आला की तव्यावरची भाकर करपायची.”

तो आवाज नाना पाटेकरांचा. यावर पुढे येऊच.

मुखेडकडच्या एका वस्तीवर धनगर समाजातल्या आज्जी भेटल्या. त्यांच्या नातवंडांनी त्यांना एकदा जबरदस्तीनं टीव्हीपुढे बसवलं होतं. लांडगीण माणसाच्या पोराला दूध पाजते हे बघून आज्जी उठूनच गेल्या. “लांडगा असा असतो व्हय गं माय? एका रातीत माझी सात कोकरं गेली.” सात कोकरं म्हणजे त्या घराची वर्षाची मिळकत. सिनेमावाल्यांना हे कोण सांगणार! पण थोड्या वेळानं आज्जीच म्हणाल्या, “तिला बी पिल्लं असत्यात. ती बी पिल्लांसाठीच येती.” मग गप्प बसल्या. गोष्टीतल्या लांडगीणीचं नाव रक्षा आहे, हे आम्ही सांगितलं. नाव त्यांना आवडलं.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू सांगावीच लागेल. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली जवळपास दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा भार. झोपेतच घरं अंगावर आली. औसा तालुक्यातल्या एका ताईंना आम्ही मोगलीचं विचारलं, तेव्हा त्यांनी उलट विचारलं, “कोणतं घर सांगू? ज्या घरात बघत होतो ते घरच राहिलं नाही.” पुढे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं बालपण गेलं. भूकंपानं पोरकी झालेली किंवा घर मोडलेली सुमारे बाराशे मुलं शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांच्या वर्गातली दोन मुलं त्यांत होती. ताई म्हणाल्या, आईबाप नसलेलं पोर रानात मजेत वाढतं ही गोष्ट आमच्या गावात नंतर कुणी पोरांना सांगत नव्हतं. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

ही गोष्ट मुळात कुठली? लिहिणारा रुडयार्ड किपलिंग हा इंग्रज, पण जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये निघालं आणि दुसरा भाग पुढच्या वर्षी. लिहिताना तो अमेरिकेत राहत होता, पण गोष्टीतलं रान आपल्या नागपूरच्या वर, मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. गोष्टीत जी नदी येते ती वैनगंगा. ती भंडाऱ्यावरून, गडचिरोलीवरून खाली येते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि शेवटी गोदावरीत पडते. म्हणजे मोगलीचं पाणी आपल्या नांदेडच्याच नदीला, फक्त बरंच खालच्या अंगाला. भालू, हाथी, अकेला हे शब्दही इथलेच. इथून विलायतेला गेले, जपानला गेले आणि तिथून टीव्हीत बसून परत आपल्या ओसरीवर आले. एका गटात आम्ही हे सांगितलं तर एक मावशी म्हणाली, “आपल्या शेतातली तूर बी तशीच, डाळ होऊन परत येती, दुप्पट भावानं.”

आता सरळ २०१६ सालात येऊ.

त्या वर्षीचा उन्हाळा लातूरकरांना सांगायची गरज नाही. मांजरा धरण कोरडं. मार्च महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्या, विहिरी आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली, कलम १४४. पाण्यापाशी पाचापेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. दंगल झाली की लागायचं ते कलम आमच्या घागरींना लागलं होतं. आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. तिचं नाव जलदूत.

त्याच आठवड्यात, ८ एप्रिलला, ‘द जंगल बुक’ हा नवा सिनेमा भारतात लागला. अमेरिकेच्याही आठवडाभर आधी. हिंदीत बाघीराला ओम पुरींचा आवाज, भालूला इरफान खानचा, रक्षाला शेफाली शाह यांचा. सेन्सॉर बोर्डानं त्याला ‘यूए’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे लहान मुलांनी मोठ्यांसोबतच बघायचा, कारण जनावरं फार खरी वाटतात आणि पोरं घाबरतील. यावरून पेपरात बरीच चेष्टा झाली. तरीही तोवर भारतात लागलेल्या परदेशी सिनेमांत सगळ्यात जास्त कमाई त्यानंच केली.

आमच्यातल्या बहुतेकींनी तो थेटरात पाहिला नाही. तिकिटाच्या पैशांत टँकरचं पाणी येत होतं. नंतर केव्हातरी टीव्हीवर आणि मोबाईलवर पाहिला. अहमदपूर तालुक्यातल्या एका गटानं तर समाजमंदिरात पडदा लावून पोरांसोबत पाहिला, आम्हीही होतो. सुरुवातीलाच रानात दुष्काळ पडतो. नदी आटते, पाण्यातून एक खडक वर येतो आणि सगळी जनावरं ठरवतात की हा खडक दिसतोय तोवर पाण्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही. वाघाशेजारी हरीण पाणी पितं. हे किपलिंगच्या पुस्तकातलंच आहे, दुसऱ्या भागातलं. पोरं वाघाकडे बघत होती. बायका पाण्याकडे बघत होत्या. मागून आवाज आला, “बघा, यांना पोलीस लागला नाही.”

त्याच प्रसंगात मोगली वेलीला एक भांडं बांधतो, ते खाली सोडतो आणि पाणी वर ओढून पितो. जनावरांना ते खटकतं. हे माणसाचे चाळे इथे नकोत, असं त्याला बजावतात. आमच्याकडे मात्र बायकांत एकदम कलकलाट झाला. “पोहरा सोडला गं! पाणी शेंदायलंय पोरगं!” ज्यांनी आयुष्यभर पोहऱ्यानं पाणी काढलं, त्यांना तो पोरगा त्या क्षणी ओळखीचा झाला. सिनेमा बनवणाऱ्यांनी हे दृश्य कशासाठी ठेवलं ते ठेवलं असेल, आमच्या गावात टाळी तिथे पडली.

आणि शेरखान बोलला तेव्हा पुन्हा तोच आवाज, तेवीस वर्षांनी. नाना पाटेकरच. पण आता तो आवाज नुसता वाघाचा राहिला नव्हता. २०१५ साली नाना आणि मकरंद अनासपुरे यांनी ‘नाम फाउंडेशन’ काढलं होतं, मराठवाड्यातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांना मदत देत ते हिंडत होते. समाजमंदिरात अशाच घरातली एक बहीण बसली होती. वाघ गुरगुरला, पोरं आईला चिकटली आणि ती आपल्या पोराला म्हणाली, “भिऊ नको, ते आपले नाना हायत.” वाघाची भीती गेलीच, पण सिनेमाची मजाही थोडी गेली, असं तो पोरगा नंतर कुरकुरत होता. त्याचंही बरोबर आहे.

एक तक्रार आम्ही इथे नोंदवून ठेवतो. किपलिंगच्या पुस्तकात मेस्सुआ नावाची बाई आहे. वाघानं नेलेलं आपलं पोर हेच, असं समजून ती मोगलीला घरात घेते, दूध-भाकर देते. गावकरी मग तिलाच चेटकीण ठरवतात आणि तिला नवऱ्यासकट जाळायला निघतात. रानातली जनावरं तिला सोडवायला मदत करतात. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्यासाठी माणसं किती वर्षं झिजली ते आठवा. म्हणजे आपल्या कामाची खरी गोष्ट हीच होती. २०१६ च्या पडद्यावर ती बाई आलीच नाही. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट बघा, लेकीकडे जाताना वाघ-कोल्ह्याला वाटेत गंडवते ती बाईच. आपल्या आज्ज्यांच्या गोष्टीत बाई होती. पडदा मोठा झाला आणि ती बारीक झाली.

एक पोरगी मात्र आहे, पण जुन्या सिनेमात. डिस्नेच्या १९६७ सालच्या कार्टूनमध्ये. परवाच्या बैठकीत एका ताईच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं तो शेवट आम्हाला मोबाईलवर दाखवला. वाघाचं भांडण संपलेलं आहे, मोगली रानातच राहणार असं वाटतंय आणि तेवढ्यात गावातली एक मुलगी डोक्यावर भांडं घेऊन नदीवर पाण्याला येते. ती इंग्रजीत गाणं म्हणते. लेकीनं अर्थ सांगितला. बाप शिकारीला जातो, आई घरी रांधते, मला पाणी आणावं लागतं, पुढे मी मोठी होईन, मला मुलगी होईल आणि मग पाण्याला ती जाईल.

मोबाईल हातोहात फिरत होता, तो थांबला. एक मावशी म्हणाली, “परत लाव.” परत लावलं.

सगळ्या सिनेमात माणसांची बाई ही एवढीच, आणि तिला काम दिलं पाण्याचं. ती मुद्दाम भांडं घरंगळू देते. मोगली पळत जाऊन ते धरतो, भरून आणतो, आपल्या डोक्यावर घेतो आणि तिच्या मागे मागे गावात शिरतो. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्यात वीस-वीस वर्षं संसार केलेल्या आहेत, घरातल्या पुरुषाच्या डोक्यावर हंडा बघितलेल्या दोनच निघाल्या. त्यातल्या एकीचा नवरा तर २०१६ च्या उन्हाळ्यात रात्री अंधार पडल्यावर आणायचा, कुणी बघू नये म्हणून.

कोपऱ्यात सत्तरीच्या आक्का बसल्या होत्या. त्या मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “एवढ्याशा भांड्यात काय होतंय? दुसऱ्या खेपेला येतो का त्यो?”

लेकीनं बघितलं. व्हिडिओ तिथंच संपला होता.