अस्तराने दिलेला इशारा

शाळेत आपण अभिस्तर ऊतींचे प्रकार पाठ केले होते. पट्टकी म्हणजे फरशीसारख्या चपट्या पेशींची, घनाभरूप म्हणजे ठोकळ्यांची, स्तंभीय म्हणजे उभ्या खांबांची. गर्भाशयाच्या मुखाशी यांतले दोन प्रकार भेटतात: बाहेरून पट्टकी, आतून स्तंभीय. तिथला कर्करोग बहुधा या सीमेवरच सुरू होतो.

ग्रीसहून १९१३ साली न्यूयॉर्कला आलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ आधी गिनीपिगच्या योनिमार्गातील गळलेल्या पेशी तपासत. पुढे त्यांच्या पत्नी अँड्रोमाकी स्वतःच्या पेशी तपासायला देऊ लागल्या. मग काही रुग्ण स्त्रियांच्या नमुन्यांत त्यांना कर्करोगाच्या पेशी दिसल्या. १९२८ साली त्यांनी हे मांडले, पण वैद्यकविश्वाने फारसे लक्ष दिले नाही. हर्बर्ट ट्रॉट यांच्यासह लिहिलेला शोधनिबंध १९४१ मध्ये आला आणि त्यानंतर ‘पॅप’ चाचणी जगभर पोचली. जिथे ती नेमाने होते, तिथे या रोगाचे मृत्यू खूप घटले.

आज विषाणूची चाचणी आहे, लसही आहे. तरी ‘त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ असे अनेक घरांत म्हटले जाते. त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आधी अस्तराच्या पेशी बदलू लागतात. चाचणी त्यासाठीच असते.