वायदा आणि वाहन : हायब्रीड ट्रक-एसयूव्हींविषयीच्या अविश्वासाचा अभ्यास

प्रस्तावना

मोटार कंपन्यांचे वायदे आणि त्यांवर ग्राहकाने ठेवलेला किंवा नाकारलेला विश्वास हा या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे. अर्थशास्त्र, अभियांत्रिकी, मानसशास्त्र किंवा कायदा, कोणत्याही वाटेने आलेल्या वाचकाचे येथे मनापासून स्वागत आहे. अभ्यासाचे केंद्र अमेरिका आहे. अवजड पिकअप ट्रक आणि एसयूव्ही तिथल्या कुटुंबांच्या रोजच्या वापरात आल्या आणि त्यांच्याविषयीचे मोठमोठे वायदेही तिथेच झाले.

नवख्या अभ्यासकाने आधी या वायद्यांची नोंद पाहावी. 1993 मध्ये अमेरिकी सरकार आणि तिथल्या तीन बड्या कंपन्यांनी गॅलनला 80 मैल धावेल अशा कौटुंबिक मोटारीचा प्रकल्प हाती घेतला. 2000 मध्ये नमुन्याच्या गाड्या लोकांना दाखवल्या गेल्या. पुढे प्रकल्प गुंडाळला गेला आणि त्यांतली एकही गाडी विक्रीला आली नाही. आपल्या एसयूव्हींची इंधनक्षमता पाच वर्षांत 25 टक्क्यांनी वाढवू, असे फोर्डने 2000 मध्ये जाहीर केले आणि 2003 मध्ये माघार घेतली. 2010 पर्यंत वर्षाला अडीच लाख हायब्रीड बनवण्याचा 2005 मधला संकल्पही तिने पुढच्याच वर्षी सोडला. क्रायस्लरने 2008 मध्ये डुरँगो आणि ॲस्पेन या एसयूव्ही हायब्रीड रूपात आणल्या. त्या बनवणारा डेलावेअरमधला कारखाना त्याच डिसेंबरात बंद झाला.

हा इतिहास पाहिलेला ग्राहक शोरूममध्ये विचारतो, ‘‘आठ वर्षांनी बॅटरी गेली तर हे मॉडेल तुमच्याकडे चालू असेल का?’’ या प्रश्नाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा घेणारा सगळ्याच गाड्यांकडे संशयाने पाहतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्येच जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवले. आपल्या क्षेत्राचा एक पाया तिथे आहे.

छापील आकड्यांनीही संशयाला खतपाणी घातले. 2008 च्या मॉडेलांपासून सरकारी चाचणीची पद्धत सुधारली, तेव्हा प्रियस या हायब्रीड मोटारीचा शहरातला आकडा गॅलनला 60 मैलांवरून 48 वर उतरला. फोर्डने सी-मॅक्स हायब्रीडचा 47 मैलांचा आकडा 2013 मध्ये 43 वर आणला आणि ग्राहकांना पैसे परत दिले.

तरीही अविश्वास नेहमीच बरोबर असतो असे मानू नये. 2007 च्या अखेरीस आलेल्या शेव्हरोले टाहो हायब्रीडने शहरातले प्रमाण गॅलनला 14 मैलांवरून 21 वर नेले. एवढ्याशा फरकासाठी सुमारे 50 हजार डॉलर कशाला मोजायचे, असे कोणालाही वाटेल. पण दहा हजार मैलांचा हिशेब मांडा. या एसयूव्हीत सुमारे 238 गॅलन वाचतात. 30 वरून 50 मैलांवर गेलेल्या छोट्या मोटारीत वाचतात फक्त 133. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 मध्ये हा दृष्टिभ्रम प्रयोगांनी सिद्ध केला. आपणही ‘लिटरला किती किलोमीटर’ याच मापाने गाडी जोखतो, म्हणून मराठी वाचकालाही ही चूक सहज घडते. जिथे हायब्रीड सर्वाधिक उपयोगी, तिथेच तिचा फायदा सर्वांत किरकोळ दिसतो. या विरोधाभासातून आपले कळीचे प्रश्न निघतात.

विश्वास कसा परततो, हा दुसरा मोठा प्रश्न. 2004 मध्ये आलेली फोर्ड एस्केप हायब्रीड न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांनी वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालवली. बॅटरीच्या टिकाऊपणाविषयी असा पुरावा कोणत्याही जाहिरातीपेक्षा वजनदार ठरतो. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा काही मालकांनी फोर्डच्या एफ-150 हायब्रीड ट्रकच्या जनरेटरवर घरे चालवली. ट्रक घेणारा माणूस इंधनाबरोबर ओढण्याची ताकद, दुरुस्ती आणि अडचणीच्या वेळचा उपयोगही तोलतो, हे अशा प्रसंगांतून कळते. कॅलिफोर्नियातील कुटुंबांच्या मुलाखती घेऊन टरेंटाइन आणि कुरानी या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवले, की इंधनखर्चाचा पद्धतशीर ताळेबंद घरात कोणी मांडत नाही. ग्राहक कसा विचार करतो हे जाणून घ्यायचे, तर त्याच्या घरात बसून ऐकावे लागते.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याकडून दोन अपेक्षा आहेत. प्रत्येक वायद्याची तारीख, मॉडेल, किंमत आणि प्रत्यक्ष विक्री शेजारी-शेजारी लिहा, म्हणजे कंपनीला श्रेय आणि दोष दोन्ही न्यायाने देता येतील. आणि शंका घेणाऱ्या ग्राहकाला शिकवण्याआधी त्याची शंका पूर्ण ऐकून घ्या. इंधन वाचवणे ही तातडीची गरज आहे. लोकांना मूर्ख ठरवून ती भागणार नाही.