हार्लेमचा आकडा

अमेरिकेतील गुंडांच्या टोळ्या म्हटले की एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे येते. फेल्ट हॅट, लांब कोट, तोंडात सिगार, हातात मशिनगन. या चित्राला नाव द्यायचे झाले तर ते अल कपोनचे. १९३१-३२ साली 'लिटल सीझर', 'पब्लिक एनिमी' आणि 'स्कारफेस' हे चित्रपट लागोपाठ निघाले आणि १९७२ साली 'गॉडफादर' आला. या चित्रपटांनी गुंडाला कुळ दिले, घराण्याची परंपरा दिली, शोकांतिकेच्या नायकाची उंची दिली. परक्या देशातून आलेल्या गरिबाचा मुलगा, प्रतिष्ठितांनी दार बंद केलेले, म्हणून तो खिडकीतून शिरतो आणि वर चढतो, अशी ही कथा आहे. आपल्याकडचा पांढरपेशा प्रेक्षकही ती चवीने पाहतो. पण ती शिडी कोणाच्या अंगणात उभी केली होती आणि ती चढताना कोणाच्या खांद्यावर पाय पडले, हे या कथेत येत नाही. ते शोधायचे तर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जावे लागते.

तत्पूर्वी दारूबंदीविषयी थोडे. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारू तयार करणे, विकणे आणि वाहून नेणे हा गुन्हा ठरला. पिणे हा मात्र गुन्हा नव्हता. म्हणजे गिऱ्हाईक सज्जन आणि विकणारा तेवढा गुन्हेगार, अशी ही सोयीस्कर नीती होती. योगायोग असा की त्याच दिवशी कपोनला एकवीस वर्षे पूर्ण झाली. पुढे शिकागोत त्याने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी एका गॅरेजमध्ये सात माणसे भिंतीला लावून मारली गेली. त्या सातांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. १९३१ साली कपोनला अकरा वर्षांची सजा झाली ती आयकर चुकवल्याबद्दल! राज्यसंस्थेला माणसांच्या मुडद्यांचा हिशेब लागला नाही, पैशाचा लागला. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. कपोनची गोष्ट येथे सोडून देऊ, ती सांगणारे पुष्कळ आहेत.

जॅक जॉन्सन हा हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला काळा जगज्जेता. १९२० साली त्याने हार्लेममध्ये लेनॉक्स ॲव्हेन्यू आणि १४२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर 'क्लब डिलक्स' नावाचा क्लब काढला. १९२३ साली तो ओनी मॅडन या चोरट्या बीअरच्या व्यापाऱ्याने घेतला. मॅडन खुनाशी संबंधित गुन्ह्यात सिंग सिंग तुरुंगाची हवा खाऊन नुकताच बाहेर आला होता. त्याला आपली बीअर खपवण्यासाठी जागा हवी होती. क्लबचे नाव बदलून 'कॉटन क्लब' झाले. सजावट दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांची, म्हणजे गुलामगिरीच्या दिवसांची. रंगमंचावर काळे नर्तक, काळे वादक, पखाली वाहिल्यासारखे पेले वाहणारे वाढपी काळे. आणि खुर्चीवर बसणारे सारे गोरे. १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद तेथे वाजत असे. ज्या वस्तीत हा क्लब होता त्या वस्तीतल्या माणसाला त्यात गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता. गावाचा तमाशा करणाऱ्यांना गावाच्या पंगतीत पान नाही, हा अनुभव ज्यांच्या घरात आहे त्यांना हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते मॉर्निंगसाइडच्या उंचवट्यावर आहे. त्या उंचवट्याच्या पूर्वेला खाली हार्लेम पसरले आहे. त्याच वर्षांत तेथे काळ्यांची वस्ती झपाट्याने वाढत होती. दक्षिणेतील झुंडबळींच्या भीतीने आलेले शेतमजूर आणि कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसे तेथे दाटीवाटीने राहू लागली. शहरात दुसरीकडे घर मिळत नसे, म्हणून येथले भाडे चढे. काम मिळे ते हमाली, धुणीभांडी, लिफ्ट चालवणे असले. धंद्यासाठी कर्ज मागायला गेले तर गोऱ्या बँकेत त्यांना कोणी उभे करीत नसे. या वस्तीने स्वतःसाठी एक बँक काढली. ती बेकायदेशीर होती आणि तिचे नाव होते 'नंबर्स', म्हणजे आकडा.

मुंबईच्या गिरणगावात हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडेही पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या-बंद होत्या भावांवर आकडा लागत असे. १९६० नंतरच्या दशकात तो बंद पडला आणि मटका आला. हार्लेममध्ये आधार होता तो न्यूयॉर्कच्या क्लिअरिंग हाऊसचा. शहरातील बँकांचे आपसातील रोजचे व्यवहार तेथे मिटत आणि त्यांच्या बेरजा वर्तमानपत्रात छापून येत. त्या बेरजांतील ठरावीक जागांवरचे अंक उचलून तीन अंकी आकडा बनवीत. युक्ती अशी की आकडा गोऱ्यांच्या सर्वांत प्रतिष्ठित बँकांनीच जाहीर केलेला, त्यामुळे त्यात लबाडी करणे खेळवणाऱ्याच्या हातात नाही. एक सेंटसुद्धा लावता येई. पोऱ्या घरोघर, दुकानोदुकानी फिरून चिठ्ठ्या गोळा करी. आकडा लागला तर एकास सहाशे मिळत. हिशेब सोपा आहे: हजार आकड्यांवर एकेक सेंट लागला तर दहा डॉलर जमतात, सहा वाटले जातात, चार उरतात. त्या चारांत पोऱ्याचे कमिशन, पोलिसांचा हप्ता आणि बँकवाल्याचा नफा.

या धंद्याला 'गरिबांची बँक' म्हणून गोंजारण्याची एक पद्धत आहे. ती मला मान्य नाही. दहांतील चार डॉलर कापून घेणारी बँक ही बँक नव्हे. आकडा लावून आठवड्याची मजुरी घालवणारा बाप ज्याने चाळीत पाहिला आहे त्याला असल्या गोड शब्दांची भूल पडणार नाही. पण त्याचबरोबर हेही खरे, की त्या उरलेल्या पैशातला काही भाग वस्तीतच फिरत होता. चिठ्ठ्या गोळा करणारे शेकडो लोक वस्तीतले होते.

कॅस्पर होल्स्टीनचे उदाहरण घ्या. हा १८७६ साली डॅनिश वेस्ट इंडिजमधील सेंट क्रॉय बेटावर जन्मला, १८९४ साली न्यूयॉर्कला आला, नौदलात राहिला, फिफ्थ ॲव्हेन्यूवर हमाल-झाडूवाल्याची कामे केली. क्लिअरिंग हाऊसच्या बेरजांची कल्पना त्याचीच, असे सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो लक्षाधीश झाला. त्याच वेळी अर्बन लीग या संस्थेचे 'ऑपॉर्च्युनिटी' हे मासिक चार्ल्स जॉन्सन यांच्या संपादकत्वाखाली काळ्या लेखकांसाठी साहित्यस्पर्धा घेत होते. १९२६ च्या स्पर्धेसाठी होल्स्टीनने एक हजार डॉलर दिले. त्या वर्षी आर्ना बोनटेम्प्स या तरुण कवीला कवितेचे पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाला आफ्रिकी पूर्वजांचा वारसा असलेला रशियन कवी पुश्किन याचे नाव दिले होते. ज्याला आज 'हार्लेम रेनेसाँस' म्हणून विद्यापीठांत शिकवतात, त्या साहित्याच्या उभारणीत मोलकरणींनी आणि हमालांनी आकड्यावर लावलेले सेंट आहेत. लघुनियतकालिकासाठी वर्गणीच्या पावत्या घेऊन फिरलेल्या कार्यकर्त्याने या गोष्टीवर नाक मुरडण्यापूर्वी दोन क्षण थांबावे, एवढेच सुचवतो.

सप्टेंबर १९२८ मध्ये होल्स्टीनला काही गोऱ्यांनी पळवून नेले. खंडणी मागितली पन्नास हजार डॉलर. तीन दिवसांनी तो सुटला आणि पोलिसांपुढे त्याने कोणालाही ओळखले नाही. पण गोऱ्या वर्तमानपत्रांत बातमी गाजली आणि एका काळ्या माणसासाठी एवढी रक्कम मागितली जाते हे शहराला कळले. त्यापूर्वी बीअरच्या टोळ्या आकड्याला 'काळ्यांचा चिल्लर खेळ' म्हणून हसत. आता हसणे थांबले.

दुसरे नाव स्टेफनी सेंट क्लेअर हिचे. फ्रेंच कॅरिबियनमधून ती दहा-बारा साली एकटी न्यूयॉर्कला आली आणि १९२० नंतर काही वर्षांत तिने स्वतःची आकड्याची बँक उभी केली. लोक तिला 'मादाम क्वीन' म्हणत. बाई गुन्हेगार होती, तापट होती, यात शंका नाही. पण १९२९ साली तिने जे केले ते कपोनला कधी सुचले नसते. तिने हार्लेमच्या 'ॲम्स्टरडॅम न्यूज' या वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिराती दिल्या. पोलीस लाच घेतात आणि वर लोकांना छळतात, हे तिने त्यांत लिहिले. वॉरंट नसताना पोलिसाला घराची झडती घेऊ देऊ नका, हा तुमचा हक्क आहे, हेही लोकांना सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिला अटक झाली आणि कित्येक महिने वेल्फेअर आयलंडच्या कोठडीत काढावे लागले. सुटून आली ती थेट सीबरी चौकशी समितीपुढे उभी राहिली. मी पोलिसांना पैसे दिले, ते त्यांनी घेतले आणि तरी माझी माणसे पकडली, अशी साक्ष तिने दिली. काही पोलिसांवर कारवाई झाली. याच सीबरी चौकशीच्या तडाख्यात १९३२ साली शहराचा महापौर जिमी वॉकर याला राजीनामा द्यावा लागला.

आता डच शुल्ट्झ. खरे नाव आर्थर फ्लेगेनहायमर, ब्रॉंक्स भागातील बीअरचा सम्राट. दारूबंदी फार दिवस टिकणार नाही हे धोरणी टोळीवाल्यांना दिसू लागले होते. १९३१ च्या नोव्हेंबरात असंख्य लोकांनी लावलेला एक आकडा लागला आणि हार्लेमचे अनेक बँकवाले एका दिवसात कंगाल झाले. शुल्ट्झचा वकील कर्ज घेऊन पुढे आला. आधी कर्ज, मग भागीदारी, मग मालक तोच आणि जुना मालक त्याचा पगारी नोकर. ज्याने कर्ज घेतले नाही त्याला बंदूक दाखवली. खेड्यातील सावकाराने महारवतनाची जमीन कशी गिळली हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या पद्धतीत नवे काही दिसणार नाही. सावकाराजवळ कोर्ट होते, शुल्ट्झजवळही होते! जिमी हाइन्स हा लोकशाही पक्षाच्या टॅमनी गटाचा पुढारी शुल्ट्झच्या पगारावर होता. सोयीचे मॅजिस्ट्रेट आणि पोलिसांच्या बदल्या हे त्याचे खाते.

खेळही बदलला. क्लिअरिंग हाऊसने तपशीलवार बेरजा छापणे बंद केले होते, म्हणून आकडा आता घोड्यांच्या शर्यतीवरील पैशांच्या बेरजांवरून निघू लागला. शुल्ट्झने ओटो बर्मन नावाचा गणिती नेमला. कोणत्या आकड्यावर लोकांनी फार पैसे लावले आहेत हे पाहून तो शेवटच्या क्षणी रेसकोर्सवर पैसे लावी आणि बेरीजच बदलून टाकी, म्हणजे तो आकडा लागतच नसे. होल्स्टीनच्या खेळात गरीब माणूस दहांतील चार घालवत होता, पण खेळ सरळ होता. आता तोही सरळ उरला नाही.

अलेक्झांडर पॉम्पेझ हा क्यूबन वंशाचा काळा बँकवाला. काळ्यांना गोऱ्यांच्या बेसबॉल लीगमध्ये बंदी होती त्या काळात तो आकड्याच्या पैशावर स्वतःचा बेसबॉल संघ चालवीत होता. त्यानेही शुल्ट्झपुढे मान तुकवली. सेंट क्लेअरने तुकवली नाही. शुल्ट्झच्या चिठ्ठ्या घेणाऱ्या दुकानांत शिरून ती काचा फोडी, चिठ्ठ्या फाडी, असे सांगतात. एकदा मारेकऱ्यांपासून वाचण्यासाठी ती तळघरात कोळशाच्या ढिगाखाली लपली होती. पण तिच्याजवळ टॅमनी नव्हती. ती हरली.

२३ ऑक्टोबर १९३५ च्या रात्री न्यूअर्क येथील एका खानावळीत शुल्ट्झ आणि बर्मनसह चौघांना गोळ्या घातल्या गेल्या. सरकारी वकील थॉमस ड्यूई याला मारण्याचा हट्ट शुल्ट्झने धरला होता, आणि त्याने सगळ्यांवरच गंडांतर येईल म्हणून इतर टोळीनायकांनी त्यालाच संपवले. मरणशय्येवरील शुल्ट्झला सेंट क्लेअरने तार पाठवली. 'पेराल तसे उगवेल' या अर्थाचे बायबलमधले वचन तीत होते. शुल्ट्झ गेला, पण धंदा हार्लेमला परत मिळाला नाही. तो दुसऱ्या गोऱ्या टोळ्यांकडे गेला.

ड्यूईच्या कचेरीत युनिस कार्टर ही एकमेव काळी स्त्री वकील होती, गुलामगिरीत जन्मलेल्या आजोबांची नात. शहरातील वेश्याव्यवसायाच्या खटल्यांचे कागद चाळताना, या सर्व बायकांना तोच वकील आणि तोच जामीनदार कसा मिळतो, हा प्रश्न तिला पडला. त्या धाग्यावरून १९३६ साली लकी लुसियानोला तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा झाली. हाइन्स १९३९ साली दोषी ठरला. ड्यूई पुढे राज्यपाल झाला, १९४४ व १९४८ साली अध्यक्षपदाचा उमेदवार झाला. कार्टरबाईंचे नाव अनेक दशके तळटिपेत राहिले.

शिकागोतही हेच घडले, थोडे उशिरा. तेथे जोन्स बंधूंच्या हाती आकड्याचा मोठा धंदा होता. १९४६ साली एडवर्ड जोन्सला पळवून नेऊन एक लाख डॉलर खंडणी घेतली गेली आणि तो मेक्सिकोला निघून गेला. त्याचा सहकारी थिओडोर रो हटला नाही. १९५१ साली आपल्याला पळवायला आलेल्यांपैकी एकाला त्याने गोळी घालून मारले. ४ ऑगस्ट १९५२ रोजी तो घराजवळ मारला गेला. कपोनच्या वारसांनी शिकागोतील काळ्यांचा धंदा या मार्गाने मिळवला. 'वारस' हा शब्द चित्रपटात फार रुबाबदार वाटतो.

१९९७ साली 'हूडलम' नावाचा चित्रपट निघाला. त्यात सेंट क्लेअर आहे, पण नायक तिच्या हाताखालचा बम्पी जॉन्सन. खरी सेंट क्लेअर १९३८ साली नवऱ्यावर गोळी झाडून तुरुंगात गेली, नंतर गप्प राहिली आणि १९६९ साली विस्मृतीत वारली. त्याआधी १९६० साली हार्लेमचे प्रतिनिधी ॲडम क्लेटन पॉवेल यांनी, पोलीस काळ्या आकडेवाल्यांना पकडतात आणि इटालियनांना सोडतात, अशी जाहीर तक्रार केली होती. जुगार बंद करा ही मागणी करण्यापेक्षा जुगारात तरी समान वागणूक द्या म्हणण्याची पाळी एका लोकप्रतिनिधीवर यावी, यातच त्या समाजव्यवस्थेचे सारे स्वरूप आले.

१९६७ साली न्यूयॉर्क राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली. १९८० साली त्या लॉटरीत एक नवा खेळ आला: रोज तीन अंकी आकडा. नावही तेच, 'नंबर्स'. हार्लेममध्ये ज्यासाठी होल्स्टीन आणि सेंट क्लेअर तुरुंगात गेले तो खेळ आता कायदेशीर आहे. फरक एवढाच की होल्स्टीनच्या काळात नेमका आकडा लागला तर एकास सहाशे मिळत. राज्य सरकार पाचशे देते.