बाप्तिस्म्यानंतरचे सोवळे

हिंदुस्थानातील ख्रिस्ती समाजात श्रद्धा आणि आचार यांचा तंटा प्रार्थनामंदिरापेक्षा स्वयंपाकघरात अधिक काळ चालला. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा धर्मप्रवेशाचा विधी, एका दिवसात आटोपत असे आणि मंडळीच्या नोंदवहीत त्याची तारीखही पडत असे. परंतु घरात पाणी कोणी भरायचे, पंक्तीला कोणाशेजारी कोणी बसायचे आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाला मुक्कामाला घ्यायचे की नाही, हे ज्या त्या घराच्या मर्जीवर राहिले.

धर्माधिकाऱ्यांनी हा प्रश्न ओळखला नव्हता असे नाही. मदुरेच्या रॉबर्ट डी नोबिली या जेझुइट धर्मोपदेशकाने ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवे, शेंडी आणि गंध ठेवू दिले होते, आणि ही चिन्हे धार्मिक नसून लौकिक आहेत हा त्याचा युक्तिवाद पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये काही अटींवर मान्य केला. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर, ज्यांच्या हातून १८२५ मध्ये बडोद्याच्या छावणीतील चर्चचे विधिपूर्वक अर्पण झाले, तेही दक्षिणेतील ख्रिस्त्यांच्या जातिभेदाकडे बऱ्याच अंशी सामाजिक रीत म्हणून पाहण्याच्या बाजूचे होते. त्यांच्या गादीवर पुढे आलेल्या बिशप डॅनियल विल्सन यांनी मात्र १८३३ मध्ये चर्चमध्ये जात पाळण्यास साफ मनाई केली, तेव्हा तंजावर व मद्रासकडील अनेक कुटुंबांनी चर्च सोडले, जात सोडली नाही.

बडोद्यात या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रसंगाने उघडे पडले, त्याचा शेवट सयाजीगंजात झाला. विश्वामित्रीकाठची कामाटीबाग, रेल्वे स्टेशन आणि बडोदा कॉलेज यांच्या आसपास वसलेला हा भाग महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नव्या बडोद्याचा चेहरा होता. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले, त्याची आधुनिकता येथे विटा-चुन्यात दिसत होती. संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरात नोकरीवर रुजू झाले, पण अस्पृश्य मानले जात असल्याने त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते पारशी नाव लावून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास फर्मावले. शहरात त्यांचे दोन स्नेही होते. हिंदू स्नेह्याने आपले नोकर घर सोडून जातील अशी सबब सांगितली. दुसरा ख्रिस्ती होता. पत्नी दुसऱ्या दिवशी गावी परतणार आहे, तिला विचारून सांगतो, एवढेच तो म्हणाला. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण होते आणि धर्मांतरानंतर पती उदार विचारांचा झाला असला तरी पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, हे आंबेडकरांना मागाहून कळले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाटीबागेत एकट्याने काढला. हा सारा वृत्तान्त त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवला आहे.

या प्रसंगाचा दोष सहसा त्या अनामिक पत्नीच्या पदरात टाकला जातो, आणि तो पुरता न्याय्य नाही. ती त्या दिवशी गावात नव्हती; नकार तिने दिला नाही, तो तिच्या नावाने दिला गेला. पतीची उदारता बोलण्यापुरती खरी असेलही, परंतु घराचे दार उघडायची वेळ आली तेव्हा ती पत्नीच्या आडोशाला उभी राहिली, आणि अशी श्रद्धा बाह्य आचाराहून फारशी आंतरिक म्हणता येत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण मराठी ख्रिस्ती इतिहासातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. पुढे पतीकडे राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि वेगळे पाणी सांभाळले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, या निर्णयाला त्या स्वतः विचार करून आल्या, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेण्याच्या आधीच त्यांनी शिवाशिव टाकून दिली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ही धडपड स्वतःला हसत, काहीही न लपवता सांगितली आहे. त्यांच्या बाबतीत आचार आधी बदलला आणि विधी मागून आला; बडोद्याच्या घरात विधी होऊन गेला होता आणि आचार जागचा हलला नव्हता.

टिळकांनाही मिशनच्या चौकटीत हा पेच सुटेल असे वाटेनासे झाले होते. आंबेडकर बडोद्यात आले त्याच १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताच्या शिष्यांचे हे बंधुमंडळ बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही खुले होते. मे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने तो प्रयोग अपुरा राहिला.

आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या जातिभेदावर पुढेही परखडपणे लिहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली तेव्हा तीत बावीस प्रतिज्ञांचा समावेश केला, आणि सर्व माणसे समान मानण्याची व समता स्थापन करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे.