दोन बिंदूंतून जाणारी रेषा

(१, २) आणि (३, ८) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढा. निर्देशक भूमितीतला हा हमखास प्रश्न. य-निर्देशकांतला फरक ६, क्ष-निर्देशकांतला २. भागले की चढ ३. मग य – २ = ३(क्ष – १), म्हणजेच य = ३क्ष – १. इतकी साधी रीत युक्लिडच्या काळापासून चालत आली असेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती पुस्तकात आली अठराव्या शतकाच्या अखेरीस, कलनशास्त्राने शंभरी ओलांडल्यावर.

युक्लिडला हा प्रश्नच पडला नव्हता. दोन बिंदू रेषेने जोडता येतात, हे त्याचे पहिलेच गृहीतक. पट्टी लावली, रेघ ओढली, काम संपले. आपल्याकडचे ज्योतिषी या रीतीच्या अगदी जवळ आले होते. आर्यभटाने ‘ज्या’ची, म्हणजे आजच्या साइनची, सारणी २२५ कलांच्या अंतराने दिली. मधल्या कोनाची किंमत हवी तर शेजारच्या दोन किमतींत त्रैराशिक लावत. हिशेब हाच, फक्त त्यात रेषा नव्हती.

रेषेची आणि समीकरणाची गाठ पडली ती १६३७च्या सुमारास. तुलूझच्या फर्माने दोन अज्ञातांचे एकघाती समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे हस्तलिखितात मांडले. ते छापून आले १६७९ साली, त्याच्या मृत्यूनंतर. देकार्तचे ‘ला जेओमेत्री’ १६३७चेच, पण त्याला अवघड वक्रांचे वेड. सरळ रेषेत त्याला काय रस असणार! रेषेची समीकरणे नीट मांडण्याचे काम केले यान द विट या डच मुत्सद्द्याने. पुढे १६७२ साली हेग शहरात जमावाने ज्याला ठार मारले, तोच हा. ऋण निर्देशक तेव्हा कुणी सहज वापरत नसे, म्हणून रेषा वर चढते की खाली उतरते, आरंभबिंदूतून जाते की नाही, अशी वेगवेगळी प्रकरणे त्याला हाताळावी लागली. असा संसार मांडल्यावर सुटसुटीत सूत्र निघणार कुठून?

ते निघाले गास्पार माँझकडे. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत शिकवणाऱ्या या माणसाला किल्ल्यांची तटबंदी आणि मातीकाम यांचे गणित हवे होते. माती कुठून काढायची आणि कुठे टाकायची, यावरचा त्याचा निबंध १७८१चा, छापला १७८४ साली. दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या, दिलेल्या चढाच्या रेषेचे समीकरण त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. अवकाशातल्या रेषा आकृतीत मावेनात, तेव्हा प्रत्येक रेषा अक्षरांत लिहिणे भागच होते. सूत्र निघण्याचे खरे कारण माझ्या मते हेच. माँझच्या तालमीतल्या लाक्रवाने १७९७च्या आपल्या कलनशास्त्राच्या ग्रंथात दोन बिंदूंचे रूप दिले, आणि पाठ्यपुस्तकांनी ते उचलले.

चढासाठी ‘एम’ हे अक्षर मात्र फ्रेंचांचे नव्हे. माँझ ‘ए’ लिहीत असे. ‘एम’ १८४४च्या एका इंग्रजी पुस्तकात दिसते, आणि टॉडहंटरसारख्यांच्या इंग्रजी क्रमिक पुस्तकांबरोबर ते आपल्या शाळांत शिरले.